रिस्पॉन्सिबल इनोव्हेशनमध्ये मास्टर्स किंवा पीएचडी: प्रश्न ठरवण्यापासून लॅबमधल्या फील्डवर्कपर्यंत

रिस्पॉन्सिबल इनोव्हेशन म्हणजे जबाबदार नवोन्मेष. या विषयासाठी अर्ज करणारे साधारण दोन वाटांनी येतात. काही जण इंजिनिअरिंग, जीवशास्त्र किंवा कॉम्प्युटर सायन्समधून, तर काही समाजशास्त्र, कायदा, तत्त्वज्ञान किंवा सार्वजनिक धोरणातून. दोघांचेही अर्ज नाकारले जातात, पण कारणं वेगळी. पहिल्यांचा अर्ज 'तंत्रज्ञान समाजाच्या भल्यासाठी वापरलं पाहिजे' या वाक्याच्या पुढे सरकत नाही. दुसऱ्यांच्या अर्जात तंत्रज्ञानावर भरपूर टीका असते, पण ते तंत्रज्ञान चालतं कसं याचा पत्ता नसतो. उपाय दोघांनाही एकच लागू पडतो. विद्यापीठ शोधण्याआधी एक तंत्रज्ञान धरा, आणि त्यातला अजून न झालेला एक निर्णय धरा. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्याच्यावरच उभ्या आहेत.

१. विषयाची हद्द समजून घ्या

वस्तू बाजारात येण्याच्या पुष्कळ आधी, संशोधन चालू असतानाच त्याचा हेतू काय, परिणाम काय होऊ शकतात आणि कोणाचं ऐकलं जात नाहीये हे तपासायचं, आणि त्या तपासणीमुळे संशोधनाची दिशा खरोखर बदलू शकेल अशी सोय करायची, हा या विषयाचा गाभा. 'दिशा बदलू शकेल' हा भाग निसटला की उरतो तो नुसता अहवाल.

विषयाची गल्लत तीन गोष्टींशी होते. वाङ्मयचौर्य, बनावट डेटा वगैरे बाबी संशोधनातल्या सचोटीत येतात. ते क्षेत्र शेजारचं, पण वेगळं. कंपन्यांची सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीची खाती म्हणजेही हा विषय नव्हे. आणि लोकांना विज्ञान सोपं करून सांगणं हे विज्ञानसंवादाचं काम. तुमचा ओढा या तिघांपैकी एकाकडे असेल तर त्याचेच अभ्यासक्रम पाहा, वेळ वाचेल.

विषयाचा पूर्वेतिहास थोडा तरी माहीत हवा, कारण कुठला विभाग कुठल्या मुळातून वाढला आहे ते त्यावरून कळतं. १९७५च्या ॲसिलोमार परिषदेत रेणवीय जीवशास्त्रज्ञांनी रिकॉम्बिनंट डीएनएच्या, म्हणजे वेगवेगळ्या जीवांचे डीएनए जोडण्याच्या, प्रयोगांवर स्वतःच अटी घालून घेतल्या. अमेरिकी संसदेचं ऑफिस ऑफ टेक्नॉलॉजी असेसमेंट १९७२ साली स्थापन झालं आणि १९९५ मध्ये बंद पडलं. डेन्मार्कमध्ये १९८७पासून सामान्य नागरिकांच्या सहमती परिषदा भरू लागल्या. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पात १९९०पासून नैतिक, कायदेशीर आणि सामाजिक प्रश्नांसाठी बजेटचा ३ टक्के आणि पुढे ५ टक्के हिस्सा बाजूला काढला गेला. ईएलएसआय म्हणतात ते हेच. युरोपीय आयोगाच्या होरायझन २०२० या संशोधननिधीच्या कार्यक्रमाने २०१४ ते २०२० या काळात 'आरआरआय' (रिस्पॉन्सिबल रिसर्च अँड इनोव्हेशन) हे नाव सगळीकडे पोहोचवलं.

इथला पहिला सापळा चौकटींचा. जॅक स्टिल्गो, रिचर्ड ओवेन आणि फिल मॅक्नॉटन यांनी २०१३ साली मांडलेल्या चौकटीला चार अंगं आहेत: पूर्वविचार, आत्मपरीक्षण, सहभाग आणि प्रतिसादक्षमता. ब्रिटनच्या ईपीएसआरसी या निधीसंस्थेने जवळपास तोच आशय 'एरिया' (अँटिसिपेट, रिफ्लेक्ट, एंगेज, ॲक्ट यांची आद्याक्षरं) या नावाने घेतला. युरोपीय आयोगाच्या सहा 'किल्ल्या' मात्र वेगळ्या आहेत: लोकसहभाग, स्त्रीपुरुष समानता, विज्ञानशिक्षण, खुली उपलब्धता, नीतिमत्ता आणि प्रशासन. चार अंगांतून संशोधनाला प्रश्न कसे विचारायचे ते कळतं. सहा किल्ल्या म्हणजे निधी देणाऱ्याने आखलेली धोरणाची यादी. दोन्ही एकाच परिच्छेदात कालवले तर वाचणाऱ्या प्राध्यापकाला लगेच कळतं की अर्जदाराने वरवरचं वाचलंय.

२. एक तंत्रज्ञान, एक खुला निर्णय

डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी १९८० साली मांडलेला पेच या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी असतो. तंत्रज्ञान नवं असतं तेव्हा ते बदलणं सोपं असतं, पण परिणाम माहीत नसतात. परिणाम दिसू लागतात तोवर ते इतकं रुजलेलं असतं की बदलणं महागात पडतं. निबंधात तो सगळेच उद्धृत करतात. तुम्ही त्याचा वापर विषय निवडायची चाळणी म्हणून करा. पूर्ण रुजलेलं तंत्रज्ञान घेतलं तर अभ्यास टीकेपुरता उरतो. निव्वळ कल्पनेतलं घेतलं तर भेटायला माणसं नाहीत आणि वाचायला कागद नाहीत. मधलं घ्या: प्रयोगशाळेत किंवा चाचणीत असलेलं, ज्याच्या नियमांचा मसुदा अजून हलतो आहे असं.

मग कागदावर चार ओळी लिहा.

पहिली ओळ: तंत्रज्ञान कोणतं आणि आज कोणत्या टप्प्यावर आहे.
दुसरी: त्यातला कोणता निर्णय अजून व्हायचा आहे.
तिसरी: तो कोण घेणार, आणि त्याची झळ बसणार असूनही कोणाला विचारलं जात नाही.
चौथी: निर्णय वेगळा झाला तर तंत्रज्ञानात, त्याच्या आराखड्यात किंवा वापराच्या अटींत नेमकं काय बदलेल.

'कृत्रिम बुद्धिमत्तेची नैतिकता' या विषयाची दुसरीच ओळ लिहिता येत नाही, म्हणून तो कच्चा. 'मेंदूत बसवलेल्या इम्प्लांटची चाचणी संपल्यावर त्याची देखभाल, दुरुस्ती आणि गरज पडल्यास ते काढणं कोणाच्या अंगावर, हे चाचणीचा आराखडा बनताना कोण आणि कधी ठरवतं?' या प्रश्नाच्या चारही ओळी भरतात. इथे माणसं आहेत, कागद आहेत, पैसे कोणी द्यायचे हा वाद आहे. चौथ्या ओळीत ठोस उत्तरही मिळतं: बॅटरी बदलण्याची सोय, सुट्या भागांचा साठा, संमतिपत्रातलं एक कलम.

सरावाला ब्रिटनमधलं 'स्पाइस' प्रकरण घ्या. पृथ्वीचं तापमान कमी करण्यासाठी स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, कण सोडता येतील का, याचा तो अभ्यास होता. त्यात १ किलोमीटर उंचीवर बांधलेल्या फुग्यापर्यंत नळी नेऊन फक्त पाणी फवारायचं, अशी एक चाचणी ठरली होती. पर्यावरणाला तिचा धोका नगण्य. तरी निधीसंस्थेने २०११ मध्ये तिच्यापुढे पाच निकषांचं फाटक उभं केलं: सुरक्षितता, नियमपालन, हेतूची स्पष्ट मांडणी, भावी उपयोगांचा आणि परिणामांचा विचार, आणि लोकांची व संबंधितांची मतं समजून घेण्याची सोय. तज्ज्ञ मंडळाच्या मते पहिले दोन पुरे झाले होते, उरलेल्या तिघांवर आणखी काम हवं होतं. चाचणी पुढे ढकलली गेली आणि मे २०१२ मध्ये रद्द झाली. रद्द होण्यामागे एका पेटंट अर्जावरून उभा राहिलेला हितसंबंधांचा प्रश्नही होता. या प्रकरणावर चार ओळी भरून पाहा. निर्णय 'पाणी फवारायचं की नाही' एवढाच होता का, हे ठरवताना दुसरी ओळ किमान दोनदा खोडावी लागेल. ती खोडाखोड हाच सराव.

दुसरं प्रकरण नेदरलँड्समधल्या स्मार्ट वीजमीटरचं. मीटर सक्तीचे करणारं विधेयक तिथल्या सिनेटने २००९ मध्ये खासगीपणाच्या मुद्द्यावर अडवलं आणि पुढे ग्राहकाला नकार द्यायची मुभा ठेवावी लागली. तंत्र तयार होतं. घराच्या आत काय चालतं ते विजेच्या नोंदींतून कळतं, हा विचार आराखड्यात वेळेवर आला नव्हता.

३. अभ्यासक्रमाचा प्रकार निवडा

प्रकार तीन.

विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पीएचडी चालू ठेवून जोडीने सर्टिफिकेट: लॅब सोडायची नसेल त्यांच्यासाठी ही उत्तम सोय. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी अशी रचना आहे. मात्र आपल्या मूळ गाइडला त्याचे तास मान्य आहेत का, हे आधीच विचारा. पुढे भांडणं होतात ती यावरूनच.

मास्टर्स: युरोपात एक वर्षाचं म्हणजे ६० ईसीटीएस (युरोपातली सामाईक पद्धत) क्रेडिट, दोन वर्षांचं म्हणजे १२०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाचं ईएसएसटी (समाज, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचा अभ्यास) एक वर्षाचं आहे, तिथल्याच ट्वेंटे विद्यापीठाचं पीएसटीएस (विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाजाचं तत्त्वज्ञान) दोन वर्षांचं. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचं 'रीसेट' तर विज्ञानतंत्रज्ञानातल्या जबाबदारीवरच बेतलेलं आहे. पार्श्वभूमी पूर्ण बदलायची असेल तर दोन वर्षांचं घ्या. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात समाजशास्त्रीय वाचनाची सवय लागेपर्यंत प्रबंधाचा विषय मागतात.

पीएचडी: हिची पदवी क्वचितच 'रिस्पॉन्सिबल इनोव्हेशन' या नावाने मिळते. एसटीएस म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-समाज अभ्यास, विज्ञानधोरण, तंत्रज्ञानाचं तत्त्वज्ञान, पब्लिक पॉलिसी अशी नावं शोधा. नुसतं 'रिस्पॉन्सिबल' टाकून शोधलं तर निम्मे विभाग निसटतात.

विभाग पारखताना वेबसाइटवरची घोषवाक्यं सोडून द्या. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाचं एसपीआरयू हे संशोधन केंद्र १९६६पासून विज्ञानधोरण आणि नवोन्मेषाच्या अर्थकारणावर काम करतं, ट्वेंटेचा कल तत्त्वज्ञानाकडे, एडिंबराचा तंत्रज्ञानाच्या समाजशास्त्राकडे, नवी दिल्लीच्या जेएनयूमधल्या सेंटर फॉर स्टडीज इन सायन्स पॉलिसीचा धोरणाकडे. तुमचा प्रश्न 'योग्य काय' असा असेल तर तत्त्वज्ञानाचा विभाग, 'निर्णय प्रत्यक्षात होतो कसा' असा असेल तर समाजशास्त्राचा, 'नियम कसा असावा' असा असेल तर धोरणाचा. ही ढोबळ वाटणी आहे, पण मुलाखतीत ती अगदी उघडी पडते.

अभ्यासक्रमाच्या तपशिलात तीन गोष्टी पाहा. संशोधनपद्धतीचा स्वतंत्र पेपर आहे का. प्रयोगशाळेत किंवा नियामक संस्थेत बसून करायचं काम क्रेडिटमध्ये धरलं आहे का. आणि मागच्या दोन-तीन वर्षांतल्या प्रबंधांची शीर्षकं काय आहेत. शीर्षकं सगळ्यात खरं सांगतात. यंदाचे प्रवेश चालू आहेत ना, हेही बघून घ्या. या क्षेत्रात अभ्यासक्रमांची नावं बदलतात, काही गुपचूप बंदही होतात.

४. गाइडला ईमेल

अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी तीन-चार महिने लिहा. ईमेल १५० ते २०० शब्दांत बसवा, त्याहून लांब वाचली जात नाही. रचना अशी:

विषयाच्या ओळीत तंत्रज्ञान आणि निर्णय, उदाहरणार्थ 'इम्प्लांट चाचणीनंतरची देखभाल: पीएचडीबाबत चौकशी'. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण आणि आत्ता काय करता. पुढच्या दोन-तीन वाक्यांत वरच्या चार ओळी. मग त्या व्यक्तीच्या एका लेखातला असा एक मुद्दा, ज्याशी तुमचा प्रश्न जुळतो किंवा ज्याच्याशी तुमचं जमत नाही. असहमती सभ्यपणे मांडली तर उत्तर येण्याची शक्यता जास्त. 'तुमचं काम फार प्रेरणादायी वाटलं' हे वाक्य त्यांनी शंभरदा वाचलेलं असतं. शेवटी एकच प्रश्न: येत्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का? सोबत दोन पानांचा सीव्ही, बस. गुणपत्रिका, प्रमाणपत्रं, पाच पीडीएफ जोडू नका.

उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकच आठवण. पुन्हा शांतता असेल तर पुढच्या नावाकडे वळा. एकाच विभागातल्या चार जणांना तीच ईमेल पाठवू नका, ते एकाच टेबलावर जेवतात.

अमेरिकेत निर्णय बहुतेकदा समितीचा असतो, त्यामुळे प्राध्यापकाचा होकार म्हणजे प्रवेश नव्हे. नेदरलँड्समध्ये आणि युरोपात इतर अनेक ठिकाणी पीएचडीची जागा नोकरीसारखी जाहीर होते, विषय बराचसा ठरलेला असतो आणि पगार मिळतो. तिथे स्वतःचा प्रश्न रेटायचा नाही. जाहिरातीतल्या प्रकल्पात तो कुठे बसतो ते दाखवायचं.

५. कागदपत्रं

- सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र. मूळ भाषा वेगळी असल्यास अधिकृत भाषांतर
- इंग्रजीच्या चाचणीचा निकाल. आयईएलटीएस आणि टोफेल दोन्ही दोन वर्षांपर्यंतच ग्राह्य धरतात, तारीख मोजून द्या
- दोन किंवा तीन शिफारसपत्रं
- एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जामागचा हेतू सांगणारा निबंध), आणि मागितला असल्यास संशोधन आराखडा
- लेखनाचा नमुना
- सीव्ही
- पासपोर्ट, पुरेशा मुदतीचा
- जीआरई ही प्रवेशपरीक्षा: अनेक विभागांनी काढून टाकली आहे, म्हणून विभागाच्या पानावर बघितल्याशिवाय पैसे भरू नका

शिफारसपत्रांबद्दल एवढंच, की तिन्ही एकाच साच्याची नकोत. एकाने तुमच्या तांत्रिक कामाबद्दल लिहावं, एकाने लेखन आणि युक्तिवादाबद्दल. पत्र देणाऱ्याला चार ओळींचा तो कागद आणि एसओपीचा मसुदा सहा आठवडे आधी द्या. नाहीतर 'मेहनती आणि शिस्तप्रिय' एवढंच येतं.

६. एसओपी आणि लेखनाचा नमुना

एसओपी साधारण १००० शब्दांची, विभागाने वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच. पहिले १५० शब्द थेट प्रश्नाला. लहानपणी आकाशाकडे बघून पडलेले प्रश्न नकोत. पुढचे ३०० शब्द तुम्ही आजवर केलेल्या कामाला, पण यादी करून नव्हे: त्या कामात निर्णय कुठे झाला, पर्याय कोणते बाजूला पडले, का पडले. तांत्रिक पार्श्वभूमीच्या अर्जदाराची खरी ताकद इथे असते आणि तोच भाग बहुतेक जण दोन वाक्यांत गुंडाळतात. सेन्सर निवडताना अचूकता आणि बॅटरीचं आयुष्य यांत तडजोड केली असेल तर ती कोणाच्या सोयीची होती, हे लिहा. या विषयाचा कच्चा माल तोच आहे.

मग ३०० शब्द पद्धतीला: कोणाला भेटणार, कोणते दस्तऐवज वाचणार, कुठे बसून निरीक्षण करणार. उरलेले शब्द हाच विभाग का याला, प्राध्यापकांची नावं आणि पेपर घालून.

नेहमी दिसणाऱ्या चुका अशा. 'सर्व संबंधितांना सहभागी करून घेऊ' असं लिहिणं. सर्व म्हणजे कोण, कोणत्या टप्प्यावर, त्यांच्या म्हणण्याने काय बदलणार, हे नसेल तर वाक्य पोकळ. डॅनिश सहमती परिषदेत डझनभर ते दीड डझन सामान्य नागरिक आधी तयारी करून तज्ज्ञांना प्रश्न विचारतात आणि लेखी निष्कर्ष काढतात. सहभागाला असा आकार हवा. दुसरी चूक, लोकांचा विरोध म्हणजे अज्ञान असं धरून चालणं. या क्षेत्रात त्याला 'डेफिसिट मॉडेल' म्हणतात आणि त्यावरची टीका काही दशकं जुनी आहे. अर्जात ते डोकावलं तर फार नुकसान करतं. तिसरी, स्वतःला तंत्रज्ञानाचा पोलीस समजणं. ज्या लॅबमध्ये तुम्ही जाणार ती लॅब पोलिसाला दार उघडत नाही.

लेखनाचा नमुना म्हणून सायन्सवाल्यांकडे लॅब रिपोर्ट असतो, तो चालत नाही. नवा लिहा: ३००० शब्दांच्या आसपास, एकच प्रकरण, सार्वजनिक दस्तऐवजांवर उभं केलेलं. नियामक संस्थेच्या सुनावणीची इतिवृत्तं, मसुद्यावर आलेल्या हरकती, पेटंट अर्ज, चाचणीची नोंदणी, मानक ठरवणाऱ्या समितीचे कागद, हे सगळं बरंचसं खुलं असतं. एका मसुद्याच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून कोणता शब्द बदलला आणि कोणाच्या हरकतीमुळे बदलला एवढं जरी दाखवलंत तरी नमुना वजनदार होतो. असं काम जमवायला दोन महिने धरा.

७. पैसा आणि मुदती

अमेरिकेत पीएचडीचे अर्ज बहुधा डिसेंबर-जानेवारीत बंद होतात आणि वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरतात. तिथल्या बहुतेक विद्यापीठांनी काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव मान्य केला आहे, त्यानुसार आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा असते. त्याआधी 'दोन दिवसांत कळवा' असा दबाव आला तर ठरावाचा नम्रपणे उल्लेख करा. नेदरलँड्समध्ये पगारी पीएचडी साधारण चार वर्षांची. अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागतात, आणि फंडिंग किती वर्षांचं आहे हे पत्रात लिहिलेलं असतं. नसेल तर लेखी मागा.

या विषयात पैशाचा एक खास धोका आहे. पुष्कळ जागा मोठ्या तांत्रिक प्रकल्पाच्या 'समाज आणि नीतिमत्ता' भागातून निघतात. पैसा तांत्रिक टीमच्या हातात, तुमचा गाइड दुसऱ्या विभागात. म्हणून होकार देण्याआधी विचारा: प्रकल्प पीएचडीच्या आधी संपला तर उरलेला काळ कोण भरणार? टीकात्मक निष्कर्ष छापायला प्रकल्पप्रमुखाची परवानगी लागते का? माझा भाग तांत्रिक निर्णयांच्या बैठकीत असेल की फक्त वार्षिक अहवालात? तिसऱ्याचं उत्तर 'अहवालात' असं आलं तर तुमच्याकडून शिक्का मारून हवाय, एवढं ओळखा.

८. वर्ग सुरू होण्याआधीची तयारी

तांत्रिक पार्श्वभूमीच्या लोकांना वाचनाचा वेग गाठता येत नाही. पहिल्या सत्रात आठवड्याला २०० ते ३०० पानं येणं नेहमीचं आहे, आणि ती सूत्रं वाचावी तशी ओळ न् ओळ वाचायची नसतात. प्रत्येक लेखाचा दावा, पुरावा आणि ज्याच्याशी भांडण आहे तो माणूस, हे तीन वाक्यांत लिहायची सवय लावा. झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नोंदी ठेवा, ते फुकट आहे.

समाजशास्त्राकडून येणाऱ्यांनी आपल्या तंत्रज्ञानाचा पदवीपातळीचा एक पूर्ण कोर्स करावा. माहितीपट पाहून भागत नाही. लॅबमधल्या बैठकीत 'सिग्नल-टू-नॉइज' किंवा 'ऑफ-टार्गेट' हे शब्द येतात तेव्हा तिथे निर्णय होत असतो, आणि तो ऐकूच आला नाही तर फील्डवर्कचा उपयोग काय?

दोघांनीही मुलाखतींचा सराव करावा. एका तासाच्या मुलाखतीचं हाताने शब्दांकन करायला चार ते सहा तास जातात. तीस मुलाखती ठरवताना हा हिशेब केलेला नसतो, म्हणून प्रबंध लांबतात. संकेतनासाठी, म्हणजे मुलाखतींतल्या मजकुराला विषयवार खुणा करण्यासाठी, एनव्हिवो किंवा ॲटलस डॉट टीआय हे सॉफ्टवेअर विद्यापीठाच्या परवान्यावर मिळतं का पाहा. नसेल तर टॅगेट खुलं आणि मोफत आहे.

९. प्रयोगशाळेतलं फील्डवर्क

सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इथे, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो.

एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, बाकी सगळं नंतर. मंजुरीपूर्वी घेतलेली मुलाखत प्रबंधात वापरता येत नाही, आणि मागील तारखेची मंजुरी मिळत नाही. अर्ज परत येण्याचं सर्वसाधारण कारण अनामिकतेचा हलका विचार. पाच जणांच्या लॅबमध्ये 'एक पोस्टडॉक म्हणाली' असं लिहिलं की ती कोण हे इमारतीतल्या सगळ्यांना कळतं. म्हणून पद, लिंग आणि उपकरण यांपैकी काय झाकणार हे अर्जातच लिहा.

लॅबप्रमुखाशी लेखी समजुतीचा एक पानी कागद करा. त्यात कोणत्या बैठकींना बसता येईल, ध्वनिमुद्रण कुठे चालेल, पेटंटआधीची माहिती कशी हाताळणार हे सगळं यावं. मसुदा छापण्याआधी त्यांना तपासायला किती दिवस मिळतील तेही लिहा, उदाहरणार्थ ३० दिवस, आणि तेही फक्त गोपनीय तांत्रिक मजकूर आणि तथ्यांच्या चुकांसाठी. 'मंजुरी' हा शब्द कागदात शिरू देऊ नका, 'तपासणी' चालेल. कंपनीची लॅब असेल आणि तिने स्वतःचा गोपनीयता करार पुढे केला तर विद्यापीठाच्या कायदा विभागाकडे न्या, स्वतः सही करू नका.

पद्धत म्हणून एरिक फिशर यांनी विकसित केलेली 'स्टर' (सोशिओ-टेक्निकल इंटिग्रेशन रिसर्च) वापरून पाहा. समाजशास्त्रज्ञ साधारण १२ आठवडे लॅबमध्ये बसतो आणि संशोधकाशी नियमितपणे एका छोट्या आराखड्यावर बोलतो: आत्ता कोणता निर्णय समोर आहे, कोणत्या बाबी विचारात आहेत, पर्याय कोणते, प्रत्येकाचा परिणाम काय होऊ शकतो. दिसायला अगदी साधं. पण इम्प्लांटच्या उदाहरणात 'कनेक्टर स्वतःच्या मापाचा की प्रमाणित?' हा निर्णय दर आठवड्याला असा कागदावर येऊ लागला की दहा वर्षांनी सुटा भाग कोण पुरवणार हा प्रश्न संशोधक स्वतःच विचारतो. तुम्ही उपदेश करायची गरज राहत नाही, आणि करूही नका.

पहिले दोन आठवडे प्रश्न विचारण्यापेक्षा नोंदी घ्या: कोण कुठे बसतं, ऑर्डर कोण देतं, बिघाड झाला की कोणाला हाक मारतात. तिसऱ्या आठवड्यापासून स्टरच्या आराखड्यावरचं बोलणं सुरू करा. प्रत्येक संवाद अर्ध्या तासात संपवा, त्यांचा प्रयोग थांबलेला असतो. नोंदी त्याच दिवशी टाइप करा. दुसऱ्या दिवशी आठवतो तो आपला अर्थ, त्यांचे शब्द नव्हे.

सहाव्या-सातव्या आठवड्याला एक घसरण होते. संशोधक तुम्हाला आवडेल असं बोलू लागतात. 'समाजाचा विचार करून' हे शब्द त्यांच्या तोंडी येतात, पण खरेदीची यादी तीच राहते. त्यामुळे बोलण्यासोबत कागदाचा पुरावा गोळा करा: प्रोटोकॉलच्या आवृत्त्या, डिझाइनच्या फाइलींमधले बदल, ऑर्डरची तारीख. प्रतिसादक्षमता मोजायची तर ती तिथेच सापडते. काहीच बदललं नसेल तर तेही लिहा, मात्र अडवलं कोणी ते शोधा: निधीची अट, आधीच विकत घेतलेलं यंत्र, नियामकाचा ठरलेला फॉर्म, की पुढचा शोधनिबंध.

निघताना लॅबला दोन पानांचं टिपण द्या, त्यांच्या भाषेत, चौकटींची नावं न घेता. कच्च्या नोंदी मात्र कोणालाच देऊ नका, लॅबप्रमुखालाही नाही. संमतिपत्रात ते स्पष्ट लिहिलेलं असलं तर नकार देणं सोपं जातं.